ऑइल इंजिन : खुणा जुळवा, मगच हँडल मारा



आजचं बोलणं आहे पाण्याच्या पंपाला जोडलेल्या ऑइल इंजिनबद्दल. वीजपंप आले, सौरपंपही आले. तरी ओढ्याकाठी, नदीकाठी, जिथे तार पोचलेली नाही किंवा वीज अवेळी येते तिथे अडीअडचणीला उपयोगी पडतं ते डिझेलवरचं इंजिनच. आणि नेमकं गरजेच्या वेळी ते खोलून पडलेलं असतं. गहू पेरून अठरा-एकवीस दिवस झाले, मुकुटमुळं फुटायची वेळ आली, पाण्याची ही पाळी चुकवून चालत नाही. फिटर येतो, रिंगा बदलतो, बुश बदलतो, इंजिन पुन्हा बांधतो. हँडल मारलं तर चालूच होत नाही. चालू झालं तर ठोके मारतं, धूर ओकतं, आणि पंप निम्मंच पाणी टाकतो. सामान नवं, पैसा खर्च झालेला, मग बिघडलं काय?

अशा वेळी पुष्कळदा बिघडलेलं काहीच नसतं. आतली दोन दातेरी चाकं बसवताना एक दात इकडचा तिकडे झालेला असतो. ही चाकं म्हणजे टायमिंगचे गिअर. त्यांच्यावरच्या खुणा कशा ओळखायच्या, कशा जुळवायच्या आणि जुळल्या की नाही हे हँडल मारण्याआधी कसं तपासायचं, एवढंच आज पाहू. काम फिटरनं केलं तरी हे तुम्हाला ठाऊक असावं, कारण इंजिन तुमचं आणि पीकही तुमचं.

टायमिंग म्हणजे काय?

जुन्या जाणत्यांना सोंडेची मोट आठवत असेल. मोटेला दोन दोर. जाड नाडा मोट वर ओढायचा आणि बारीक सोंदूर सोंड वर धरून ठेवायचा. दोन्हींची लांबी बरोबर असली की मोट वर येताच सोंड थारोळ्यात आपोआप मोकळी व्हायची. सोंदूर हातभर कमी-जास्त झाला की पाणी थारोळ्याऐवजी विहिरीत. बैल तेच, मोट तीच, कष्ट तेवढेच. पण पाणी पाटात नाही. इंजिनचंही असंच आहे.

इंजिनातला दट्ट्या, म्हणजे पिस्टन, चार खेपा करतो. पहिल्या खेपेला खाली येताना हवा आत ओढतो. दुसरीला वर जाताना ती हवा दाबतो. हवा इतकी दाबली जाते की ती तापून लाल लोखंडासारखी होते, आणि त्याच वेळी नोझलमधून डिझेलचा फवारा येऊन पेट घेतो. तिसऱ्या खेपेला हा जाळ दट्ट्याला खाली ढकलतो. ताकद मिळते ती एवढ्याच खेपेत. चौथीला दट्ट्या वर जाऊन धूर बाहेर लोटतो.

या चार खेपांत फ्लायव्हीलचे दोन फेरे होतात. पण हवेची झडप एकदाच उघडायची असते, धुराची झडपही एकदाच, आणि डिझेलचा फवाराही एकदाच. ही तिन्ही कामं कॅम दांडा करतो. म्हणून क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक झाला पाहिजे. त्यासाठी क्रँकवर लहान गिअर असतो आणि कॅमवर त्याच्या बरोब्बर दुप्पट दातांचा मोठा गिअर. कोणता दात कोणत्या फटीत बसायचा हे कारखान्यात ठरलेलं असतं, आणि त्यासाठीच गिअरवर खुणा केलेल्या असतात.

एका दातानं एवढं काय बिघडतं?

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या दातांत एका दाताचं काय? हिशेब करून पाहू.

१९४६ साली पुण्यात सुरू झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्स कारखान्याचं ए.व्ही. १ हे इंजिन पुष्कळांच्या ओळखीचं आहे. ५ अश्वशक्ती, मिनिटाला १५०० फेरे, ८० मिलिमीटर बोअर, ११० मिलिमीटर स्ट्रोक. यात दट्ट्या शेंड्याला पोचण्याआधी २३ अंशांवर डिझेल सुटतं. हवेची झडप शेंड्याआधी साडेचार अंशांवर उघडते आणि धुराची झडप शेंड्यानंतर साडेचार अंशांवर मिटते.

समजा, एखाद्या इंजिनात क्रँकच्या गिअरला ३० दात आहेत. पूर्ण फेरा ३६० अंशांचा, म्हणजे एक दात झाला १२ अंशांचा. कॅम एक दात मागे बसला, तर २३ अंशांचं डिझेल सुटणार ११ अंशांवर. हे म्हणजे वरातीमागून घोडं. डिझेल पुरतं जळायच्या आत दट्ट्या खाली चाललेला असतो. ताकद येत नाही, सायलेन्सर तापतो, धूर होतो आणि डिझेल फुकट जातं. कॅम एक दात पुढे बसला, तर डिझेल सुटणार ३५ अंशांवर. दट्ट्या अजून वर चाललेला आणि वरून जाळाचा तडाखा. इंजिन घण मारल्यासारखं ठोकतं, आणि हँडल उलटं फिरून हाताला झटका देतं. अशा झटक्यानं मनगट मोडू शकतं.

झडपांचंही तसंच. दट्ट्या शेंड्याला असताना त्याच्या आणि हेडच्या मधे अगदी थोडी जागा उरते. त्या वेळी झडप नको तेवढी उघडी राहिली, तर दट्ट्या तिच्यावर आपटतो. एका दाताच्या चुकीत इंजिन कदाचित नुसतं आजारी चालेल. दोन-तीन दातांच्या चुकीत पुशरॉड वाकेल, झडप वाकेल, दट्ट्याला खाच पडेल. वाफशावर पेरलं तर बी उगवतं; चार दिवस आधी किंवा उशिरा पेरलं तर बी तेच असून रान रिकामं राहतं. इथेही सामानापेक्षा वेळ मोठी.

आधी हे पाहा, उगाच खोलू नका

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. चालतं इंजिन बंद पडलं, तर गिअरचे दात आपोआप सरकत नाहीत. चावी कापली गेली, दात तुटला किंवा गिअर दांड्यावर सैल झाला तरच टायमिंग बिघडतं. म्हणून न खोललेलं इंजिन अडलं की आधी सोप्या गोष्टी पाहा : टाकीत डिझेल आहे का, नळीत हवा शिरली का, डिझेलचा फिल्टर तुंबला का, हवेच्या फिल्टरमध्ये धूळ भरली का, नोझल टपकतंय का, टॅपेटचं अंतर बरोबर आहे का. यात दोष सापडला नाही तरच गिअरच्या झाकणाला हात घाला. इंजिन खोलून बांधल्यानंतर लगेच बिघडलं, तर मात्र पहिला संशय टायमिंगवर घ्या.

काढण्याआधी खूण करा

बसवताना होणारी चूक बहुधा काढतानाच सुरू होते. म्हणून क्रमानं जा.

पहिलं, पट्टा उतरवा, डिझेलचा कॉक बंद करा, तेल काढा आणि गिअरचं झाकण उघडा. गिअर रॉकेलनं किंवा डिझेलनं स्वच्छ धुऊन कोरडे पुसा. काळ्या तेलाखाली ठिपका दिसत नाही आणि एखादा टवकाच ठिपक्यासारखा दिसतो.

दुसरं, डीकॉम्प्रेशनचा दांडा उचलून फ्लायव्हील हातानं फिरवा. इंजिन चालताना ज्या दिशेनं फिरतं त्याच दिशेनं. बाणाची खूण असेल तर ती पाहा. क्रँक गिअरची खूण आणि कॅम गिअरची खूण समोरासमोर येईपर्यंत फिरवा. साधारणपणे लहान गिअरच्या एका दातावर ठिपका असतो आणि मोठ्या गिअरच्या दोन शेजारच्या दातांवर. एक ठिपक्याचा दात त्या दोघांच्या मधल्या फटीत बसतो. काही इंजिनांत ठिपक्याऐवजी रेघ, शून्य किंवा अक्षर कोरलेलं असतं. आपल्या इंजिनची पुस्तिका जवळ असेल तर त्यातलं चित्र पाहा.

तिसरं, खुणा दिसल्या तरी आपली स्वतःची खूण करा. ऑइल पेंटचा बारीक ठिपका दोन्ही गिअरच्या चपट्या बाजूवर, जिथे दात एकमेकांत बसलेत तिथे, द्या. छिन्नीनं दातावर ठोकू नका. गिअर कडक असतो, टवका उडतो. जुन्या खुणा नसतील किंवा गिअर बदललेला असेल, तर फ्लायव्हीलवरची शेंड्याची खूण जुळवून मग रंग लावा. आणि एका वहीच्या पानावर चित्र काढून ठेवा. आठ दिवसांनी सामान आल्यावर आठवणीवर विसंबू नका.

चौथं, कॅम दांडा ओढण्याआधी रॉकर आणि पुशरॉड काढा, डिझेल पंप काढा, टॅपेट वर उचलून धरा. नाहीतर दांडा अडकतो आणि जोर केला की कॅमला ओरखडे पडतात. हवेचा पुशरॉड कोणता आणि धुराचा कोणता हे चिठ्ठी बांधून वेगळे ठेवा. डिझेल पंपाखालच्या पातळ पत्र्या मोजून कागदात गुंडाळून ठेवा. त्यातली एकही हरवू देऊ नका; कारण पुढे सांगतो.

बसवताना

दांडा, गिअर आणि चावी नीट पाहा. चावी चेपलेली, तिची खाच रुंद झालेली किंवा बुश झिजून गिअर डगडगणारा असेल, तर खुणा कितीही जुळवा, टायमिंग टिकणार नाही.

क्रँक गिअरची खूण कॅमच्या बाजूला वळवा. कॅमचा गिअर खूण जुळवून हलकेच आत ढकला. दात तिरके असतील, तर आत जाताजाता गिअर थोडा फिरतो आणि पोचेपर्यंत खूण एक दात सरकलेली असते. अशा वेळी थोडं मागून सुरुवात करा, म्हणजे पुरता बसल्यावर खूण बरोबर येईल. पाहायचं ते गिअर पूर्ण बसल्यावर. हातोडा वापरू नका.

मिनिटाला ६५० फेऱ्यांच्या, दोन जड चाकांच्या लिस्टर धाटणीच्या इंजिनांत क्रँक आणि कॅम यांच्यामधे तिसरा गिअर असतो. तिथे दोन्ही बाजूंच्या खुणा एकाच वेळी जुळाव्या लागतात. इथे एक गंमत आहे, आणि तिच्यामुळे भलेभले घाबरतात. खुणा जुळवून इंजिन दोन फेरे फिरवलं की मधल्या गिअरच्या खुणा पुन्हा जुळलेल्या दिसत नाहीत. समजा क्रँकला ३० दात, मधल्याला ३७ आणि कॅमला ६० आहेत. मग सगळ्या खुणा पुन्हा एकत्र येतात त्या क्रँकच्या ७४ फेऱ्यांनंतर. म्हणजे चूक झालेली नाही. मधला गिअर फक्त दात पुढे पोचवतो. बसवताना जुळल्या की झालं. अशा इंजिनची खात्री करायची ती पुढे सांगितलेल्या रॉकरच्या परीक्षेनं.

मोटारींच्या काही इंजिनांत कॅम गिअरनं न फिरता साखळीनं किंवा दातेरी पट्ट्यानं फिरतो. तिथे दोन चाकं एकमेकांना भिडत नाहीत. त्यामुळे प्रत्येक चाकाची खूण तिच्या ठरलेल्या जागेसमोर आणायची असते आणि ओढणारी बाजू ताणलेली ठेवून ढिलाई ताण देणाऱ्या चाकाकडे घ्यायची असते. नियम मात्र तोच : ताण दिल्यावर दोन फेरे हातानं फिरवून खुणा पुन्हा पाहायच्या.

झाकण लावण्याआधी तीन परीक्षा

पहिली परीक्षा, दोन फेऱ्यांची. रॉकर, पुशरॉड आणि नवं पॅकिंग घालून हेड बसलेलं असावं आणि टॅपेटचं अंतर पुस्तिकेप्रमाणे लावलेलं असावं. डिझेल बंद ठेवून फ्लायव्हील चालत्या दिशेनं हातानं सावकाश दोन पूर्ण फेरे फिरवा. मधेच टणक अडथळा लागला, तर तिथेच थांबा. अंगाचा जोर लावू नका, हँडल तर मुळीच मारू नका. दट्ट्या आणि झडप भिडत असण्याचा संभव आहे. पुन्हा खोलून पाहा. सुरळीत फिरलं आणि मधे तिसरा गिअर नसेल, तर दोन फेऱ्यांनंतर खुणा पुन्हा समोरासमोर आल्या पाहिजेत.

दुसरी परीक्षा, रॉकरची. ही तर झाकण न उघडताही करता येते. फ्लायव्हीलवरची शेंड्याची खूण काट्यासमोर आणा. ही खूण दोन फेऱ्यांत दोनदा येते. एकदा हवा दाबून झाल्यावर. तेव्हा दोन्ही रॉकर बोटानं हलवले तर किंचित हलतात, म्हणजे दोन्ही झडपा मिटलेल्या. टॅपेटचं अंतर याच जागी लावायचं. तिथून आणखी एक पूर्ण फेरा फिरवा, तीच खूण पुन्हा येईल. या वेळी धूर बाहेर गेलेला असतो आणि हवा आत यायची वेळ असते. आता दोन्ही रॉकर घट्ट लागले पाहिजेत आणि दोन्ही झडपा अगदी थोड्या, सारख्याच उघड्या दिसल्या पाहिजेत. मघाशी सांगितलेल्या इंजिनात दोन्हीकडे साडेचार अंशच आहेत, म्हणून ती सारखी दिसतात.

धुराची झडप बरीच उघडी आणि हवेची पूर्ण मिटलेली दिसली, तर कॅम मागे बसला आहे. हवेची बरीच उघडी आणि धुराची मिटलेली दिसली, तर कॅम पुढे बसला आहे. खुणा पुसल्या गेल्या असल्या तरी ही परीक्षा खरं सांगते.

तिसरी परीक्षा, डिझेल सुटण्याची. डिझेल पंप कॅम दांड्यावरूनच चालतो. पण पंपाची वेळ त्याखालच्या पातळ पत्र्यांवरही अवलंबून असते. एक पत्री काढली की डिझेल लवकर सुटतं, एक वाढवली की उशिरा. म्हणूनच मघाशी पत्र्या जपून ठेवा म्हटलं. ही वेळ पाहायला नोझलकडची नळी पंपापासून सोडा, डिझेलचा कॉक उघडा, पंपातली हवा काढा आणि बंद करण्याचा दांडा चालू बाजूला ठेवा. दोन्ही झडपा मिटलेल्या असताना, म्हणजे हवा दाबली जाण्याच्या खेपेला, फ्लायव्हील अगदी सावकाश फिरवा. पंपाच्या तोंडाशी काठोकाठ भरलेलं डिझेल ज्या क्षणी फुगून हलतं तिथे थांबा. त्या वेळी फ्लायव्हीलवरची डिझेलची खूण काट्यासमोर हवी.

ती खूण नसेल, तर सुतळीनं मोजा. फ्लायव्हीलचा घेर समजा १८० सेंटीमीटर भरला. ३६० अंशांना १८० सेंटीमीटर, म्हणजे एका अंशाला अर्धा सेंटीमीटर. २३ अंश हवे असतील, तर साडेअकरा सेंटीमीटर. काट्यासमोरच्या जागेवर खडूची खूण करा आणि फ्लायव्हील तसंच पुढे फिरवून शेंड्याची खूण काट्यासमोर आणा. या दोन खुणांमधलं रिमवरचं अंतर साडेअकरा सेंटीमीटर भरलं पाहिजे. आपल्या इंजिनचे अंश पुस्तिकेत किंवा इंजिनवरच्या पाटीवर पाहा. दुसऱ्याच्या इंजिनचा आकडा आपल्याला लावू नका.

नोझल बाहेर काढून फवारा पाहत असाल, तर हात किंवा तोंड समोर धरू नका. त्या दाबाचं डिझेल कातडी फोडून आत घुसतं आणि जखम चिघळते. असं झालं तर घरगुती उपाय करत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

हँडल मारताना

तिन्ही परीक्षा उतरल्या की झाकण लावा, तेल भरा, थंड करण्याचं पाणी चालू करा. हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवा, हँडलभोवती गुंडाळू नका. उलटा झटका आला तर हँडल हातातून सुटेल, अंगठा अडकणार नाही. सैल सदरा, उपरणं, पदर आवरून घ्या. लहान मुलांना दूर ठेवा. डीकॉम्प्रेशनचा दांडा उचलून फेरे द्या, वेग आला की दांडा सोडा आणि हँडल लगेच काढून घ्या.

पहिली काही मिनिटं पंपाचा भार न देता चालवून कान देऊन ऐका. घणासारखा ठोका, हवेच्या फिल्टरमधून उलटा फुसकारा किंवा सायलेन्सरमध्ये बार असं काही झालं तर लगेच बंद करा. चालवत राहिलात तर बरं होणार नाही, खर्च वाढेल.

फिटर काम करत असेल तेव्हा जवळ बसा. घाई असली तरी सांगा की, दोन फेरे हातानं फिरवून दाखवा, रॉकर पाहू द्या, मगच झाकण लावा. चांगला फिटर याचा राग मानणार नाही. या तपासणीला अर्धा तास लागतो. वाकलेली झडप आणायला तालुक्याला गेलात, तर पाण्याची एक पाळी जाते.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. न खोललेलं इंजिन अडलं तर आधी डिझेल, हवा, फिल्टर, नोझल आणि टॅपेट पाहा.

२. गिअर धुऊन, पुसून, काढण्याआधी आपली स्वतःची खूण करा.

३. पुशरॉड आणि पंपाच्या पत्र्या ओळखून, मोजून ठेवा.

४. बसवल्यावर फ्लायव्हील हातानं दोन फेरे फिरवा. अडलं तर जोर लावू नका.

५. धुराच्या खेपेनंतरच्या शेंड्यावर दोन्ही झडपा सारख्या उघड्या दिसल्या पाहिजेत.

६. डिझेल सुटण्याची वेळ आपल्या इंजिनच्या पुस्तिकेप्रमाणेच लावा.

७. हँडलवर अंगठा बोटांच्या बाजूलाच.

हे पत्रक घडी करून इंजिनच्या पुस्तिकेत ठेवा. रब्बीची पाणीपाळी सुरू होण्याआधी, हातात सवड असताना, एकदा फ्लायव्हील फिरवून रॉकरची परीक्षा करून पाहा. ऐन हंगामात कोणती झडप कशी दिसायला हवी, हे तुम्हाला मग कुणाला विचारावं लागणार नाही.